सहीच्या वरची मोकळी जागा

ग्रामसभेच्या इतिवृत्ताच्या नकलेची पानं चार निघाली. पानाला दोन रुपयांप्रमाणे आठ रुपये भरले, पावती घेतली आणि ग्रामपंचायतीच्या बाहेरच्या कट्ट्यावर बसूनच वाचायला घेतलं. तिसऱ्या पानावर तो ठराव होता. गावच्या गायरानातली अकरा एकर जागा सौरऊर्जा प्रकल्पाला देण्यास ग्रामसभेची हरकत नाही. खाली नेहमीची भाषा : 'विषयावर सविस्तर चर्चा झाली. चर्चेअंती सदर ठराव सर्वानुमते मंजूर करण्यात आला.' त्याखाली सूचक म्हणून एकाचं नाव आणि अनुमोदक म्हणून माझं.

माझं नाव नवऱ्याच्या नावासकट, आडनावासकट, वळणदार अक्षरात लिहिलेलं. खाली हजर असलेल्यांच्या सह्या, त्यात सातवी माझी. ती खोटी नव्हती. खोटी असती तर बरं झालं असतं, असं त्या क्षणी वाटून गेलं. मी अठ्ठावीस वर्षं एका सहकारी बँकेत काउंटरवर काढली. नमुना सहीशी स्लिपवरची सही ताडून बघणं हे माझं रोजचं काम. शेवटच्या अक्षराची शेपटी जरा वेगळी वळली तरी मी माणसाला दुसऱ्यांदा सही करायला लावायची, मग तो संचालकांचा पाहुणा का असेना. ही सही माझीच आहे हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

कशी झाली तेही आठवलं. १५ ऑगस्टचा दिवस. झेंडावंदन होऊन शाळेची पोरं खाऊचा पुडा घेऊन पांगली होती. देवळाच्या सभामंडपात सतरंज्या टाकून ग्रामसभा बसली. चाळीसेक माणसं, त्यातली निम्मी उठायच्या बेतात. गणपूर्तीसाठी मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं, यातला कमी असेल तो आकडा भरावा लागतो. म्हणून शिपाई रजिस्टर घेऊन आत-बाहेर फिरत होता, चहाच्या टपरीपाशी उभ्या असलेल्यांच्याही सह्या घेत होता. रजिस्टर माझ्यापुढे आलं तेव्हा पानाचा वरचा अर्धा भाग कोरा होता आणि सह्या मधूनच सुरू झाल्या होत्या. माझ्या नजरेला ते खुपलं.

"अरे, वर मोकळं का सोडलंय?"

"वर विषय ल्ह्याचं हाईत, अक्का. भाऊसाहेब सावकाश ल्हितील. तुमी करा सही."

चहाचा कप दुसऱ्या हातात होता. मागं दोघी-तिघी थांबल्या होत्या. मी सही केली.

पैसे काढायच्या स्लिपवर रक्कम न लिहिता सही करून ती काउंटरवर विसरून जाणाऱ्या माणसाला मी बँकेच्या दारापर्यंत जाऊन हाक मारून परत बोलवायची. त्याला समोर बसवून रक्कम अक्षरात लिहायला लावायची, पुढे 'फक्त' लिहायला लावायची. आणि गावाच्या अकरा एकरांच्या वर मी कोरी सही देऊन आले.

एक गोष्ट आधीच स्पष्ट सांगते. मी त्या प्रकल्पाच्या विरोधात नाही. आमच्या कृष्णाकाठी उसाला पाणी पाजायला माणसं वर्षानुवर्षं रात्रीची शेतात जातात, कारण वीज रात्रीची. माझ्या दिराला पहाटे तीन वाजता बांधावर नाग चावला होता, तो वाचला ते नशीब. दिवसा वीज मिळणार असेल तर गायरानातली काही जागा द्यायला गाव कदाचित आनंदानं तयार झालं असतं. पण ते विचारायला हवं होतं. गायरानात ज्यांच्या शेळ्या चरतात त्यांना, ज्यांची पाणंद तिथून जाते त्यांना, आणि मसणवट्याची वाट बदलणार असेल तर सगळ्यांनाच. यातलं एकही माणूस त्या दिवशी तोंड उघडून बोललं नव्हतं, कारण तो विषय त्या दिवशी निघालाच नव्हता.

ठरावाचे सूचक आमच्याच आळीतले. त्यांना जाऊन विचारलं. ते जराही दचकले नाहीत. "माझं नाव कायमच घालत्यात की. कुणाचं तरी घालायलाच लागतं." त्यांच्या आवाजात लबाडी नव्हती, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटली.

ठरावाची कुणकुण गावात लागली आणि दोन-चार जणांनी गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर विचारणा केली. दुसऱ्या दिवसापासून उत्तरं यायला लागली. 'काही ठरावीक लोक गावच्या विकसाला खोडा घालत आहेत.' 'यांना पैसा कुठून येतो ते ओळखा.' 'ज्यांना गाव मागे ठेवायचं आहे त्यांनी उघड समोर यावं.' दोन दिवसांत अशा मेसेजची रीघ लागली, आणि वाचणाऱ्याला वाटावं की अख्खं गाव एका बाजूला आहे आणि हे दोघे-चौघेच दुसरीकडे.

बँकेतल्या नोकरीनं मला एक सवय लावली आहे. मजकूर कळायच्या आधी मला अक्षर दिसतं, खाडाखोड दिसते. पाच वेगवेगळ्या माणसांच्या मेसेजमध्ये 'विकासाला' हा शब्द 'विकसाला' असाच लिहिलेला होता. पाच माणसं एकच चूक, एकाच शब्दात, एकाच जागी करत नाहीत. मी साताऱ्याला बहिणीला फोन केला. तिचं सासर खटाव तालुक्यात, तिच्या गावातही गायरानाचाच विषय चाललेला. तिनं तिच्या ग्रुपवरचे मेसेज पाठवले. तोच मजकूर, तोच 'विकसाला'. गावाचं नाव तेवढं बदललेलं, आणि एका मेसेजात तेही बदलायचं राहून गेलेलं. तिथं आमच्या गावाचं नाव तसंच होतं.

कुणी लिहिलं, कुठून आलं, हे मला आजही ठाऊक नाही आणि पुराव्यावाचून कुणावर बोट ठेवणार नाही. पण ज्यांनी ते पुढे पाठवलं ती माणसं माझ्या ओळखीची आहेत. माझ्या लग्नात राबलेली, माझा नवरा गेला तेव्हा दहा दिवस घरचा डबा आणणारी. त्यांना कुणी पैसे दिले नव्हते. त्यांना कुणीतरी विश्वासातल्या माणसानं पाठवलं, त्यांनी विश्वासानं पुढे सरकवलं. बाहेरून आलेला मजकूर आतल्या माणसाच्या तोंडून येतो तेव्हा तो आपलाच वाटतो. आणि तिसऱ्या दिवशी ग्रुपच्या वरच्या बाजूला एक ओळ आली : फक्त अ‍ॅडमिन मेसेज पाठवू शकतात. गाव शांत झालं.

आता माझी गोष्ट. त्याच आठवड्यात मला एक मेसेज आला होता. सौर पॅनेलच्या उष्णतेमुळे पाच किलोमीटरपर्यंतच्या विहिरी आटतात, पाऊस पळतो, म्हशींचं दूध कमी होतं. वर दुहेरी बाणाची खूण होती, म्हणजे तो आधीच पुष्कळ हातांतून फिरून आलेला. मी तो तीन ग्रुपवर पाठवला. रात्री भाच्याचा फोन. तो विजेच्या कामातला डिप्लोमावाला.

"मावशी, हे विहिरीचं तुला कुणी सांगितलं?"

मला उत्तर देता येईना. मी म्हणाले, आलं होतं. तो काही बोलला नाही, आणि त्याच्या न बोलण्यात मला सगळं ऐकू आलं. कोऱ्या पानावर माझी सही वापरली गेली म्हणून मी चिडले होते. आणि इथं कुणीतरी लिहिलेल्या मजकुराखाली मी आपणहून सही करून तीन ठिकाणी वाटली होती, कारण तो मजकूर माझ्या बाजूचा होता. सकाळी उठून तिन्ही ग्रुपवर लिहिलं की मी पाठवलेली माहिती खरी असल्याचा काही आधार माझ्यापाशी नाही, मी चुकले, कृपया पुढे पाठवू नका. एका ग्रुपवर लगेच उत्तर आलं, 'आता या पण तिकडच्या झाल्या.'

हे वरवरचं वाटेल, पण याच वाटेनं माणसं मेलेली आहेत. २०१८ च्या १ जुलैला धुळे जिल्ह्यात राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून जमावानं पाच जणांना ठेचून मारलं. भिक्षेकरी दवरी गोसावी समाजाची माणसं, आमच्या शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा भागातली. त्या काळात मुलं पळवल्याचा जो व्हिडिओ देशभर फिरत होता तो मुळात कराचीत मुलांच्या सुरक्षेबद्दल लोकांना जागं करण्यासाठी बनवलेला. शेवटचा खुलासा कापून टाकला आणि उरलेला तुकडा सोडून दिला. त्यानंतर एका वेळी पाचच ठिकाणी मेसेज पुढे पाठवता येईल अशी मर्यादा व्हॉट्सअ‍ॅप कंपनीनं भारतात घातली. चार वर्षांनी, सप्टेंबर २०२२ मध्ये, आमच्याच सांगली जिल्ह्यात, जत तालुक्यातल्या लवंग्यात, वाट विचारणाऱ्या उत्तर प्रदेशच्या चार साधूंना त्याच संशयावरून पट्ट्यांनी आणि काठ्यांनी मारलं. ते जिवानिशी वाचले. त्या आठवड्यात आमच्या ग्रुपवरही टोळी आल्याचा मेसेज होता आणि मीही शेजारच्या पोरांना दारात खेळू नका म्हणून सांगितलं होतं.

पुढच्याच वर्षी, १० सप्टेंबर २०२३ च्या रात्री, सातारा जिल्ह्यात पुसेसावळीला सोशल मीडियावरच्या पोस्टवरून दंगल झाली आणि एका तरुणाचा जीव गेला. जिल्ह्यात इंटरनेट बंद केलं. मी तेव्हा बहिणीकडे होते. पहिल्या दिवशी मी म्हणाले, बरं झालं बंद केलं, आग तरी पसरणार नाही. आजही मला ते पूर्ण चुकीचं वाटत नाही. पण दुसऱ्या दिवशी औषधाच्या दुकानात माणसं पैसे देता येईनात म्हणून उभी, बहिणीच्या मुलीचा परीक्षेचा फॉर्म अडकलेला, आणि मुख्य म्हणजे खरं काय घडलं हे कळायलाही मार्ग नाही. अफवेला मात्र इंटरनेट लागत नव्हतं, ती दुकानाच्या फळीवर बसून तोंडानं चालली होती. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२० मध्ये काश्मीरच्या प्रकरणात सांगितलं आहे की इंटरनेट बंदीचा आदेश प्रसिद्ध केला पाहिजे, त्याला मुदत हवी, कारण हवं, आणि नागरिकाला त्याविरुद्ध दाद मागता आली पाहिजे. आमच्या ओळखीत एकानंही तो आदेश कुठं आहे, किती दिवसांचा आहे, म्हणून विचारलं नाही. मीही नाही. नळाचं पाणी बंद झालं तर आम्ही घागरी घेऊन मोर्चा काढतो.

सहीचा तो कागद घेऊन मी घरी आले आणि आप्पा आठवले. माझे वडील प्राथमिक शिक्षक. सहीबद्दल त्यांचा एकच दंडक होता : सहीच्या वर मोकळी जागा ठेवायची नाही. अर्ज असो, पोस्टाचा फॉर्म असो, अगदी शाळेच्या सहलीचं संमतिपत्र असो, मजकूर संपला की तिथून सहीपर्यंत तिरकी रेघ मारायची आणि मग सही. आम्ही पोरं त्याला त्यांचा विक्षिप्तपणा समजायचो. त्याच्यामागं काय होतं ते त्यांनी मला फार उशिरा, निवृत्त झाल्यावर सांगितलं, तेही एकदाच.

डिसेंबर १९७५. आणीबाणी लागून सहा महिने होत आले होते. कऱ्हाडला मराठी साहित्य संमेलन भरलं. दुर्गाबाई भागवत अध्यक्ष, आणि स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण, म्हणजे केंद्रातले मंत्री आणि या मातीतला सगळ्यात मोठा माणूस. आप्पा आणि त्यांचे दोन सहकारी एस.टी.नं गेले होते. ते म्हणाले की तोवर त्यांना ठाम वाटत होतं, हे मनाला न पटणारा आपण एकटाच. पेपरात फक्त कौतुक. रेडिओवर कौतुक. शिक्षकांच्या बैठकीत वीस कलमी कार्यक्रमाच्या अभिनंदनाचा ठराव, तोही सर्वानुमते. घरात आईशीसुद्धा हळू आवाजात बोलायचं. मग त्या मांडवात दुर्गाबाईंनी मुंबईत जसलोकमध्ये आजारी असलेल्या जयप्रकाश नारायणांचं नाव घेतलं, आणि त्यांना आराम पडावा म्हणून प्रार्थना करायला सांगितलं. "मी उभा राहिलो," आप्पा म्हणाले, "पाय थरथरत होते. आजूबाजूला बघितलं, तर सगळेच उभे."

या वाक्याचा अर्थ मला इतक्या वर्षांनी तो कागद हातात घेऊन लागला. सत्तेला आपलं मत पटवून द्यायची फारशी गरज नसते. बाकीच्यांना ते पटलंय एवढं प्रत्येकाला वाटलं की भागतं. आपण एकटे आहोत असं वाटलं की माणूस मान खाली घालून सही करतो. 'सर्वानुमते' हा शब्द त्यासाठीच लागतो. दुर्गाबाईंनी त्या दिवशी सरकार पाडलं नाही, पुढे त्यांनाच अटक झाली. पण त्या मांडवातल्या माणसांना एकमेकांची तोंडं दिसली.

इथवरची गोष्ट सांगताना आप्पांचा चेहरा उजळलेला होता. पुढची सांगताना ते माझ्याकडे बघत नव्हते.

१९७६ मध्ये शिक्षकांना नसबंदीच्या 'केस' आणायचं ठरवून देण्यात आलं. केस हाच शब्द, माणूस नव्हे. आप्पांच्या वाट्याला दोन आल्या. आणल्या नाहीत म्हणून पगार अडकला, एक महिना, दुसरा महिना. घरात आम्ही तिघं भावंडं, आजी आजारी. तिसऱ्या महिन्यात ते वीटभट्टीवरच्या एका माणसाला घेऊन शिबिराला गेले. त्या माणसाला पैशांची नड होती. तो लिहिता-वाचता नव्हता. संमतीच्या फॉर्मवर त्यानं अंगठा उठवला आणि साक्षीदार म्हणून आप्पांनी सही केली. मुलं किती, वय किती, हे रकाने तेव्हा कोरे होते. नंतर भरू, गुरुजी, गर्दी आहे. काही दिवसांनी आप्पांना दुसऱ्या कामासाठी तिथं जावं लागलं आणि तो फॉर्म दिसला. मुलं : तीन. त्या माणसाला एकच मुलगी होती, दीड वर्षाची.

कऱ्हाडच्या मांडवात उभा राहिलेला माणूस आणि त्या फॉर्मखाली सही करणारा माणूस एकच होता. आप्पांना हे कधी विसरता आलं नाही. आम्हीही ते विसरू नये, एवढ्यासाठीच त्यांनी ते मला सांगितलं असावं.

आकडे नंतर बाहेर आले. आणीबाणीची चौकशी करणाऱ्या शाह आयोगाच्या अहवालानुसार १९७५ ते १९७७ या दोन वर्षांत देशात १ कोटीहून जास्त नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. ठरवून दिलेल्या लक्ष्यापेक्षा कितीतरी अधिक. आपल्या विधिमंडळानं तर तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचं विधेयक १९७६ मध्ये मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून त्याचा कायदा झाला नाही. आणि त्याच वर्षी २८ एप्रिलला सर्वोच्च न्यायालयाच्या पाचांपैकी चार न्यायमूर्तींनी निकाल दिला की आणीबाणीत विनाचौकशी डांबलेल्या माणसाला सुटकेसाठी न्यायालयाचं दार वाजवता येणार नाही. एकट्या हंसराज खन्ना यांनी वेगळं मत लिहिलं. त्यांचं सरन्यायाधीशपद त्यापायी गेलं. ते चौघांचं मत चुकीचं होतं हे सर्वोच्च न्यायालयानं २०१७ मध्ये, खासगीपणाच्या निकालात, लिहून ठेवलं. एकेचाळीस वर्षं लागली. पण खन्नांनी तेव्हा लिहून ठेवलं नसतं तर त्या निकालावरही सर्वानुमते असंच लागलं असतं.

साताऱ्यात भाषणात न्यायाचा विषय निघाला की क्षेत्र माहुलीच्या रामशास्त्र्यांचं नाव येतंच. मला ते नाव प्रिय आहे. पण मला वाटतं, ते घेताना आपण काम न्यायाधीशावर टाकून मोकळे होतो. आपल्याकडून मागितलेली गोष्ट त्याहून फार लहान असते. वाचून सही कर, एवढीच.

तेही किती अवघड आहे हे सांगते. २०२४ मध्ये राज्य सरकारनं विशेष जनसुरक्षा विधेयक आणलं. ते संयुक्त समितीकडे गेलं, लोकांकडून बारा हजारांहून अधिक सूचना आणि हरकती आल्या, आणि जुलै २०२५ मध्ये ते दोन्ही सभागृहांत मंजूर झालं. माझ्याकडे त्याच्या बाजूचे मेसेज आले आणि विरोधातलेही आले. एका बाजूला नक्षलवाद संपवणारा कायदा, दुसऱ्या बाजूला लोकशाही संपवणारा कायदा. कुणीही मसुदा पाठवला नाही. शेवटी भाच्याकडून काढून घेतला आणि चष्मा लावून दोन रात्री वाचला. कायद्याची भाषा जड, पण बँकेची परिपत्रकं वाचलेल्या माणसाला अगदीच परकी नाही. बेकायदेशीर कृत्याच्या व्याख्येत एक कलम असं होतं की प्रस्थापित कायद्याची आणि कायद्यानं स्थापन झालेल्या संस्थांची अवज्ञा करायला उत्तेजन देणं किंवा तसा उपदेश करणं. वाचता वाचता मी थांबले. शिराळा तालुक्यात बिळाशीला १९३० मध्ये गावकऱ्यांनी जंगल सत्याग्रह केला तो काय होता? येडेमच्छिंद्रचे नाना पाटील, कुंडलचे जी. डी. बापू, वाळव्याचे नागनाथअण्णा, ज्यांच्या प्रतिसरकारचा आम्हा सातारा-सांगलीकरांना एवढा अभिमान, त्यांनी गावोगाव उपदेश केला तो कशाचा? ते परक्या सरकारविरुद्ध होतं, हे मला कळतं. नक्षलवादी हिंसेत पोलीस आणि आदिवासी मरतात, हेही कळतं. पण कायद्याच्या भाषेत परकं आणि आपलं असा फरक लिहिलेला नसतो. रकाना कोरा असतो, आणि तो पुढे कोण भरणार हे सही करणाऱ्याला माहीत नसतं. आज जे सरकार आपल्याला आवडतं त्याच्या हातात दिलेला अधिकार उद्या न आवडणाऱ्या सरकारच्या हातात तसाच जातो. एवढंच मला म्हणायचं होतं, पण हरकतींची मुदत तेव्हा संपून गेली होती.

मग करायचं काय, असं मुलगी विचारते. सगळ्यावर संशय घेत जगायचं का? नाही. संशयानं माणूस जागा राहत नाही, तो दमतो, आणि दमलेला माणूस कशावरही विश्वास ठेवतो. आम्हा नदीकाठच्या लोकांना एक वेगळी रीत ठाऊक आहे. ऑगस्ट २०१९ च्या पुरात फोनवर काय काय येत होतं! कोयना फुटली, अलमट्टीनं दारं लावून घेतली, अमक्या गावात दोनशे माणसं गेली. सांगलीतली जुनी माणसं मात्र आयर्विन पुलाकडे बघत होती. पुलाच्या खांबावर फूट मोजायचे आकडे आहेत. ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका, हे पोरासोरांनाही पाठ. त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. आणि पुलापर्यंत जाता येईना तेव्हा माझ्या सासूबाईंनी काय केलं, तर ओट्याच्या पायरीवर गेरूनं खूण केली. दर तासाला कंदील घेऊन जायच्या आणि बघायच्या, खूण दिसते का बुडाली. सरकारी भोंगा म्हणत होता घाबरू नका, फोन म्हणत होता पळा. सासूबाई म्हणाल्या, दोन बोटं चढलंय, म्हैस सोडा आणि निघा. आम्ही निघालो. पहाटे ओटा पाण्याखाली होता.

माहितीच्या अधिकारातला नकलेचा अर्ज ही माझी गेरूची खूण होती. कोऱ्या कागदावर चार ओळी, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट. माहिती द्यायला तीस दिवसांची मुदत, मला सत्ताविसाव्या दिवशी मिळाली. त्या दिवसांत तीन माणसं घरी येऊन गेली. "अक्का, तुमास्नी काय कमी हाय? कशाला या फंदात?" त्यातले एक माझे चुलत दीर. ते धमकी द्यायला आलेले नव्हते, काळजीनं आले होते. काळजीचं ओझं धमकीपेक्षा जड असतं, कारण तिच्यावर रागावता येत नाही.

२ ऑक्टोबरची ग्रामसभा. मी तानूआत्तीला आणि आळीतल्या सहा बायकांना घेऊन गेले. गायरानात शेळ्या चारणारे दोघे आले. भाऊसाहेबांनी विषयपत्रिका सुरू केली तेव्हा मी उठून म्हणाले की आधी मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून दाखवा. पाय थरथरत होते. भाऊसाहेब म्हणाले, ते कायम झालेलं आहे. मी म्हणाले, वाचा तर खरं. मागून कुणीतरी म्हणालं, "वाचा की, काय बिघाडतंय?" तो आवाज माझ्या चुलत दिरांचा होता.

त्यांनी वाचलं. माझं नाव आलं तिथं मी थांबवलं आणि सांगितलं की मी अनुमोदन दिलेलं नाही, हा विषय त्या दिवशी निघाला नव्हता, आणि हे माझं म्हणणं आजच्या इतिवृत्तात लिहा. सूचक बसल्या जागेवरून म्हणाले, "खरं म्हंजे मी बी काय सुचवलं न्हवतं." मंडपात थोडी चुळबुळ झाली. मग शेळ्यावाल्यांपैकी एक बोलला. मग दुसरा. मग दिवसा वीज हवीच असं म्हणणारेही तावातावानं बोलले, आणि त्यांचंही बरोबर होतं. दीड तास कुणी उठलं नाही. कुठली जागा, किती, पाणंद सोडून का धरून, भाडं किती आणि ते कुणाच्या खात्यात, हे पहिल्यांदा निघालं. शेवटी विषय पुढच्या सभेवर गेला, आणि जागेचा नकाशा देवळाच्या भिंतीवर लावायचं ठरलं.

शिपाई रजिस्टर घेऊन आला. पान पुन्हा तसंच, वरचा भाग कोरा. मी भाऊसाहेबांना म्हणाले, आज झालेलं आधी लिहा, मी थांबते. त्यांनी लिहिलं. वीस मिनिटं गेली असतील. त्यांच्या कपाळावर घाम होता, आणि मला त्यांचंही वाईट वाटलं; त्यांच्यावर वरून काय येत असेल ते मी नोकरी केलेली बाई, मला कळत होतं. मी सगळं वाचलं. मजकूर संपला तिथून खालपर्यंत तिरकी रेघ मारली आणि सही केली.

शिपायानं स्टॅम्पपॅड तानूआत्तीपुढे धरलं. तिनं अंगठा टेकवला, पण कागदावर उठवला नाही. माझ्याकडे बघत राहिली.

"ती रेघ कशाची मारलीस गं?"

मी सांगितलं.

तिनं कोऱ्या जागेवरून डोळे फिरवले, जणू तिला वाचता येत होतं. मग म्हणाली, "माझ्या अंगठ्याच्या वरबी मार."